प्रकल्प नोंदी : वाचनालयाचा सर्व्हर सिसव्ही-इनिटवरून सिस्टिमडीवर

८ जून २०२४, शनिवार

आजपासून या कामाच्या नोंदी. मशीन तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातलं. २०१३ साली त्यावर डेबियन ७ (लिनक्सचं एक वितरण) बसवलं गेलं, आणि तेव्हापासून सगळं पुसून नव्यानं न बसवता एकेक आवृत्ती चढवत ते आज डेबियन १२ वर आलं आहे. २०१५ मध्ये डेबियन ८ आलं तेव्हा डेबियननं सिसव्ही-इनिटच्या जागी सिस्टिमडी आणलं. दोन्ही इनिटच, म्हणजे मशीन उठताना सगळ्यात आधी चालणारा आणि बाकी सेवा सुरू करणारा प्रोग्राम. त्या वेळी मशीन सांभाळणाऱ्यानं विचार करून जुनंच इनिट ठेवलं. मला तो निर्णय तेव्हापुरता बरोबर वाटतो. मशीन चालत होतं आणि सिस्टिमडी अजून रुळलेलं नव्हतं.

मशीनचं काम असं : जुनी मराठी मासिकं आणि स्थानिक वर्तमानपत्रं स्कॅन होतात, स्कॅनरच्या संगणकावरून सांबातून (नेटवर्कवरून फोल्डर वाटणारी सेवा) सर्व्हरच्या बाहेरच्या डिस्कवर येतात. तिथून आमचा ओसीआर वर्कर, म्हणजे सतत मागे चालणारा आमचा प्रोग्राम, एकेक पान उचलतो, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टला देतो, निघालेला मजकूर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टाकतो. वाचनकक्षातल्या संगणकांवर एनजिनएक्स या वेब सर्व्हरमधून शोधपान दिसतं. सत्तर वर्षांपूर्वीच्या अंकातली गावच्या बाजारभावाची ओळ एखादा विद्यार्थी शोधून काढतो, त्यामागे एवढी साखळी असते.

बदल का करायचा? वीज. डेटा सेंटरमधलं मशीन महिनोन्‌महिने बंदच होत नाही. आमचं पावसाळ्यात दिवसातून दोनदाही उठतं, आणि रात्री वाचनालय बंद करताना मेन स्विच खाली येतो तो वेगळाच. मशीन उठणं ही इथं रोजची गोष्ट आहे आणि बहुतेक वेळा त्या क्षणी जवळ संगणक जाणणारं कोणी नसतं. म्हणून उठताना काय घडतं, कोणत्या क्रमानं घडतं, आणि उठून झाल्यावर कोण लक्ष ठेवतं, हे आमच्यासाठी महत्त्वाचं. दोन सेकंद आधी बूट झालं काय नि नंतर काय, त्यानं इथं काही फरक पडत नाही.

९ जून, रविवार

आज फक्त यादी. मशीन उठताना नेमकं काय काय सुरू होतं ते बघितलं.

इनिट-डी फोल्डरमधल्या, सेवा सुरू करणाऱ्या बऱ्याच स्क्रिप्ट पॅकेजांबरोबर आलेल्या आहेत : पोस्टग्रेस, एनजिनएक्स, सांबा, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारं), एसएसएच (दुरून लॉगिनसाठी), यूपीएससाठीचं नट. त्यांची काळजी नाही, या सगळ्या पॅकेजांत सिस्टिमडीच्या युनिट फायली, म्हणजे सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या फायली, आधीपासून आहेत. काही सेवांच्या स्क्रिप्ट मूळ पॅकेजातून केव्हाच काढून टाकल्या गेल्या आहेत आणि आता 'ऑर्फन-सिसव्हीइनिट-स्क्रिप्ट्स' नावाच्या वेगळ्या पॅकेजातून येतात. जुन्या वाटेवर चालणाऱ्यांसाठी काही स्वयंसेवकांनी ते चालू ठेवलं आहे. त्यांचे आभारच मानायला हवेत. पण अशा पॅकेजावर मशीन उभं असणं म्हणजे वाट बदलायची वेळ झाली आहे.

आमच्या घरच्या गोष्टी तीन ठिकाणी सापडल्या. ओसीआर वर्करची इनिट स्क्रिप्ट, हाती लिहिलेली. बूटच्या शेवटी चालणाऱ्या आरसी-लोकल फायलीत स्कॅनची डिस्क जोडण्याचा पुन्हा एकदा प्रयत्न करणारी ओळ. आणि इनिटटॅबमध्ये (सिसव्ही-इनिटची स्वतःची यादी) काउंटरवरच्या पडद्यासाठी पहिल्या कन्सोलवर आपोआप लॉगिन करणारी ओळ, 'रिस्पॉन' खुणेसह.

या तिसऱ्या ओळीचं मोल नीट लिहून ठेवतो. सिसव्ही-इनिटला मेलेली प्रोसेस पुन्हा उभी करता येत नाही, असं सरसकट म्हटलं जातं. ते खरं नाही. इनिटटॅबमधल्या रिस्पॉन ओळींवर ते स्वतः नजर ठेवतं, लॉगिनचा प्रॉम्प्ट गेला की लगेच परत आणतं. फक्त इनिट-डी मधल्या स्क्रिप्टना ही सोय कधी मिळालीच नाही. स्क्रिप्टनं सेवा सुरू केली की इनिटच्या लेखी काम संपलं.

सिस्टिमडी इनिटटॅब वाचतच नाही. ती ओळ गेटीच्या (लॉगिनचा प्रॉम्प्ट दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) युनिटला जोड फाइल देऊन न्यावी लागेल.

१५ जून, शनिवार

वर्कर का पडून राहतो याचा आज छडा लागला. गेल्या पावसाळ्यापासूनची तक्रार : वीज जाऊन आली की कधीकधी स्कॅन साचत राहतात, मजकूर निघत नाही, आणि 'वर्कर चालू आहे का?' असं विचारलं तर स्क्रिप्ट ठामपणे 'चालू आहे' म्हणते.

वर्कर सुरू होताना स्वतःला दोनदा फोर्क करून (स्वतःची नवी प्रत काढून) टर्मिनलपासून सुटतो, पार्श्वभूमीत जातो आणि आपला प्रोसेस क्रमांक एका फायलीत लिहून ठेवतो. पुढच्या वेळी स्क्रिप्ट ती फाइल वाचते आणि त्या क्रमांकाची प्रोसेस जिवंत आहे का ते बघते. सिग्नल शून्य पाठवायचा, चूक आली नाही तर प्रोसेस आहे, एवढीच परीक्षा. ही फाइल 'व्हार-लिब' मध्ये आहे, म्हणजे डिस्कवर. 'रन' फोल्डर मेमरीत असतो, दर बूटला कोरा होतो. डिस्कवरची फाइल वीज गेली तरी राहते. मशीन परत उठतं, तोच क्रमांक या वेळी भलत्याच प्रोसेसला मिळालेला असतो, आणि स्क्रिप्टला वाटतं वर्कर आधीच चालू आहे. बूटचा क्रम दरवेळी जवळपास तोच असल्यामुळे क्रमांकही आसपासचेच पडतात, त्यामुळे ही गाठ पडायची शक्यता वाटते त्याहून पुष्कळ जास्त. वर्गात न डोकावता कालचा हजेरीपट बघून मुलं आली आहेत म्हणावं, तसं हे आहे.

फाइल 'रन' मध्ये हलवली तर हा एक प्रश्न सुटतो. पण मूळ अडचण राहतेच : कोण चालू आहे हे इनिटला माहीत नाही, ते स्क्रिप्टच्या अंदाजावर आहे. वर्कर मधेच कोसळला तर कोणालाच कळत नाही. वर्करनं सुरू केलेले टेसरॅक्ट मागे राहिले तर ते अनाथ होऊन पीआयडी १ च्या, म्हणजे इनिटच्याच, पदरात पडतात आणि पान संपेपर्यंत चालत राहतात. ते कोणत्या सेवेचे होते याचा मागमूस नसतो.

सिस्टिमडी इथं कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, मदत घेतं. प्रत्येक सेवेचा एक सीग्रुप, म्हणजे प्रोसेसचा गट, असतो. सेवेतून जन्मलेली प्रत्येक प्रोसेस त्याच गटात राहते, तिनं कितीही वेळा फोर्क केलं तरी. गटात कोण आहे हे कर्नल सांगतो, फायलीची गरज नाही. मला सिस्टिमडी हवं ते मुख्यतः याच एका गोष्टीसाठी.

२२ जून, शनिवार

तयारी. मशीन अजून सिसव्हीवरच.

सगळ्यात आधी एफएसटॅब, म्हणजे बूटला कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी. डेबियन ८ च्या प्रकाशन टिपांमध्ये हा इशारा स्पष्ट होता आणि आजही तो तितकाच लागू आहे : एफएसटॅबमध्ये लिहिलेली डिस्क हजर नसेल तर सिसव्ही कुरकुर करून पुढे जातं, सिस्टिमडी तिची नव्वद सेकंद वाट बघतं आणि मग सगळं बूट थांबवून आणीबाणीच्या कन्सोलवर नेऊन ठेवतं. बाहेरची यूएसबी डिस्क सैल झाली म्हणून वाचनालयाचं शोधपानसुद्धा उघडू नये, हे आम्हाला परवडणारं नाही. म्हणून स्कॅनच्या आणि बॅकअपच्या, दोन्ही डिस्कच्या ओळीत 'नोफेल' (नसली तरी पुढे जा) घातलं आणि वाट बघण्याची मुदत दहा सेकंदांवर आणली. मूळ डिस्कच्या ओळींना हात लावला नाही. ती नसेल तर थांबणंच योग्य.

याला एक दुसरी बाजू आहे. सिसव्हीखाली डिस्क न जोडता मशीन उठलं, तर स्कॅनचा फोल्डर रिकामा पण जागेवर असतो, आणि त्यात येणारी पानं गुपचूप मूळ डिस्कवर साचू लागतात. नव्या युनिटमध्ये वर्करला आणि सांबालाही 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' ओळीनं सांगायचं की हा मार्ग जोडलेला असेल तरच सुरू हो. डिस्क नसेल तर स्कॅनरवरच्या माणसाला फोल्डरच दिसणार नाही. ते बरं. पान कुठे गेलं ते शोधत बसण्यापेक्षा पान गेलंच नाही हे तिथल्या तिथे कळतं.

मग सिस्टिमडीचं पॅकेज बसवलं, शिफारशीची इतर पॅकेजं न घेता. हे महत्त्वाचं. नुसतं सिस्टिमडी बसवल्यानं इनिट बदलत नाही. इनिट बदलतं ते 'सिस्टिमडी-सिसव्ही' या दुसऱ्या पॅकेजानं, आणि ते येताना सिसव्हीचं मुख्य पॅकेज काढून टाकतं. त्यामुळे दोन्ही काही काळ शेजारी ठेवता येतात आणि परतीची वाट उघडी राहते.

२९ जून, शनिवार

पहिलं बूट. वाचनालय बंद झाल्यावर, कीबोर्ड-मॉनिटर जोडून.

ग्रबच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ओळ संपादित करून कर्नलला शेवटी सांगितलं की इनिट म्हणून सिस्टिमडीची फाइल चालव. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो. काही बिघडलं तर बटण दाबून मशीन पुन्हा उठवायचं, ते जुन्याच वाटेनं उठतं. दूरच्या मशीनवर असं करता येत नाही, म्हणून हे काम समोर बसूनच करायचं.

उठलं. पोस्टग्रेस, एनजिनएक्स, सांबा, एसएसएच सगळं जागेवर. ओसीआर वर्करही उठला, जुन्याच स्क्रिप्टनं! सिस्टिमडी इनिट-डी मधल्या स्क्रिप्टसाठी बूटच्या वेळी तात्पुरती युनिट तयार करतं. ही सोय किती वर्षं टिकेल याचा भरवसा धरू नये : जुलै २०२३ मधल्या २५४ व्या आवृत्तीत ती कालबाह्य ठरवून पुढे काढणार असल्याचं जाहीर झालं आहे. डेबियन १२ मध्ये २५२ वी आवृत्ती आहे, म्हणजे आज चालतं आहे. पण स्क्रिप्ट तशीच ठेवून 'झालं काम' म्हणणं बरोबर नाही.

पोस्टग्रेसची स्थिती विचारली तर 'सक्रिय, बाहेर पडलेली' असं उत्तर येतं. पहिल्यांदा बघणारा दचकेल. डेबियनमध्ये 'पोस्टग्रेसक्यूएल' हे युनिट नुसतं छत्र आहे. खरं काम त्याखालचं, आवृत्ती आणि क्लस्टरचं नाव असलेलं युनिट करतं. स्थिती त्याची बघायची.

कोणती सेवा उठायला किती वेळ घेते तेही बघितलं. वेळखाऊ यादी वाचताना एक लक्षात ठेवायचं : तिथं सगळ्यात वर दिसणाऱ्या सेवेमुळेच बूट अडलं असेल असं नाही, ती इतरांच्या शेजारी समांतर चाललेली असू शकते. कोण कोणासाठी थांबलं ते 'क्रिटिकल-चेन' मध्ये दिसतं.

३० जून, रविवार

वर्करचं युनिट लिहिलं. या प्रकल्पाचं खरं काम हेच.

आधी वर्करमधलाच दोनदा फोर्क करण्याचा आणि क्रमांकाची फाइल लिहिण्याचा भाग काढला. आता तो साध्या प्रोग्रामसारखा समोर चालतो आणि जे सांगायचं ते सरळ छापतो, ते जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या लॉगमध्ये, जातं. कोड लिहिण्यापेक्षा काढण्यातच जास्त वेळ गेला, आणि तो काढताना फार बरं वाटलं.

प्रकार 'सिंपल'. पोस्टग्रेसच्या नंतर. वेगळा वापरकर्ता. कोसळला तर पुन्हा सुरू करायचं. इथं एक बारकावा. पुन्हा सुरू करण्यातलं मूळ अंतर फक्त १०० मिलिसेकंद असतं, आणि दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होऊन पडलं की सिस्टिमडी नाद सोडतं. डेटाबेस अजून उठतो आहे, वर्कर जोडायला जातो, नकार येतो, पडतो, परत उठतो, परत पडतो. दोन सेकंदांत पाची संधी संपतात आणि सेवा कायमची बंद. वीज गेल्यावर पोस्टग्रेसला आपल्या लॉगमधून डेटा सावरायला वेळ लागू शकतो, म्हणून हे आमच्याकडे नक्की घडणारं होतं. अंतर पंधरा सेकंद केलं. मग दहा सेकंदांत पाच वेळा ही मर्यादा कधी गाठलीच जात नाही, वर्कर शांतपणे प्रयत्न करत राहतो.

थांबवण्याचा भाग सुरू करण्यापेक्षा नाजूक निघाला. सिस्टिमडी सेवा थांबवताना गटातल्या सगळ्या प्रोसेसना एकाच वेळी टर्म, म्हणजे थांबण्याचा, सिग्नल पाठवतं. म्हणजे वर्करबरोबर त्याचा टेसरॅक्टही अर्ध्या पानात मरतो. आमचा वर्कर टर्म मिळाला की हातातलं पान पुरं करून थांबण्यासाठी लिहिलेला आहे, त्या शहाणपणाला काही अर्थच राहत नाही. 'किलमोड' ला 'मिक्स्ड' केलं : टर्म फक्त मुख्य प्रोसेसला, आणि शेवटी उरलेल्यांना किल, म्हणजे सक्तीनं बंद. वर्तमानपत्राचं मोठं पान आमच्या मशीनवर अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर होतं, म्हणून थांबण्याची मुदत पंचेचाळीस सेकंद दिली. मूळ मुदत नव्वद असते, पण यूपीएसचा हिशेब धरला तर तेवढी द्यायची नाही.

पर्यावरण चलांचाही, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगांचाही, हिशेब केला. टेसरॅक्ट एका पानासाठी अनेक धागे वापरतं, आणि वर्कर एकाच वेळी बरीच पानं चालवतो तेव्हा ते धागे एकमेकांच्याच पायात येतात. त्यावर उपाय म्हणून 'ओएमपी-थ्रेड-लिमिट' एक करायची ओळ रूटच्या प्रोफाइलमध्ये होती. त्यामुळे हातानं स्क्रिप्ट चालवून सुरू केलेला वर्कर वेगानं चालायचा, बूटला उठलेला रेंगाळायचा. आता ती ओळ युनिटमध्येच आहे. सिस्टिमडीखाली सेवा कोणीही, कधीही सुरू केली तरी तिला तेच स्वच्छ पर्यावरण मिळतं. हातानं चालवून बघितलेलं आणि बूटला घडणारं एकच, याची किंमत ज्यानं असे वेगळे वागणारे वर्कर बघितले आहेत त्यालाच कळेल.

जुनी इनिट स्क्रिप्ट अजून जागेवर आहे. त्याच नावाचं खरं युनिट सापडलं की सिस्टिमडी स्क्रिप्टकडे बघत नाही, त्यामुळे सिस्टिमडीखाली तिची अडचण होत नाही.

६ जुलै, शनिवार

यूपीएसची परीक्षा. प्लग ओढला आणि घड्याळ लावून बसलो.

बॅटरी उतरल्याची खूण येताच नटनं मशीन बंद करायला घेतलं. वर्करनं पान पुरं केलं, पोस्टग्रेस नीट बंद झालं, डिस्क सुटल्या. हे अपेक्षित होतं. मला बघायचा होता तो त्यानंतरचा क्षण.

मशीन यूपीएसवर बंद होत असतानाच वीज परत आली तर काय होतं? बायॉसला सांगून ठेवलं आहे की वीज आली की आपोआप उठ. पण मशीनच्या दृष्टीनं वीज गेलेलीच नसते, यूपीएस देतच असतो. मशीन बंद पडून राहतं, दिवे लागलेले असतात, आणि कोणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत शोधपान बंद. म्हणून मशीन बंद होण्याच्या अगदी शेवटी यूपीएसला सांगावं लागतं की काही सेकंदांनी तूही वीज तोड. सिसव्हीखाली हे काम बंद करण्याच्या स्क्रिप्टमधून व्हायचं. सिस्टिमडीत त्यासाठी 'सिस्टिम-शटडाउन' नावाचा फोल्डर आहे : सगळ्या फाइलसिस्टिम सुटल्यावर किंवा फक्त वाचण्यापुरत्या झाल्यावर त्यातल्या फायली चालतात. डेबियनचं नट पॅकेज आपली फाइल तिथं ठेवतं. मी प्लग परत लावला तो मुद्दाम मशीन बंद होता होता. यूपीएसनं ठरल्याप्रमाणे वीज तोडली, परत दिली, मशीन उठलं. समाधान झालं.

७ जुलै, रविवार

काउंटरच्या पडद्याची ओळ गेटीच्या जोड फायलीत नेली. आरसी-लोकल रिकामी केली, त्यातल्या ओळीची गरज उरली नाही. वर्करचं युनिट स्कॅनच्या माउंट युनिटलाही (डिस्क जोडणारं युनिट) जोडलं : डिस्क नंतर लावली तर माउंट युनिट सुरू करायची एकच कमांड, वर्कर तिच्यामागून आपोआप येतो.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी, वाचनालयाला सुट्टी. मशीनला हात लावला नाही. या बदलाबद्दल थोडं लिहायचं होतं ते आज.

सिस्टिमडीवर इतका वाद झाला की नव्या माणसाला त्यात पडायची भीती वाटते. लेनार्ट पोएटरिंगनं एप्रिल २०१० मध्ये ही कल्पना मांडली, २०११ मध्ये फेडोरा १५ या लिनक्स वितरणानं ती स्वीकारली. डेबियनमध्ये फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सिस्टिमडी ठरलं. त्याच वर्षाच्या शेवटी काही जण वेगळे होऊन त्यांनी सिस्टिमडी नसलेलं डेव्हुआन काढलं. डिसेंबर २०१९ मध्ये डेबियननं पुन्हा सर्व सभासदांचं मतदान घेतलं आणि कौल आला तो असा, की भर सिस्टिमडीवर राहील पण पर्याय शोधणाऱ्यांना वाव असेल.

विरोधकांचे काही मुद्दे मला आजही पटतात. एकाच प्रकल्पाच्या पोटात लॉग, लॉगिन, वेळ, नेटवर्क असं बरंच काही येणं चांगलं नाही. लॉग साध्या मजकुरात नसणं ही तर खरी गैरसोय आहे : डिस्क काढून दुसऱ्या कोणत्याही मशीनवर लावावी आणि साध्या संपादकात लॉग वाचावा, ही सोय जाते. म्हणून आम्ही साध्या मजकुरात लॉग लिहिणारं आरसिसलॉग ठेवलं आहे, डेबियन १२ च्या नव्या स्थापनेत ते मुळात येत नसलं तरी. आणि सेवांवर नजर ठेवण्याची कल्पना सिस्टिमडीची एकट्याची नाही. सोलारिसमध्ये आणि अ‍ॅपलच्या मॅकमध्ये ती २००५ मध्येच आली होती, रनइट हे दुसरं, छोटं इनिट ते काम कितीतरी थोड्या कोडमध्ये करतं.

मग रनइट का नाही? मी गंभीरपणे विचार केला होता. पण हे मशीन माझ्यानंतर दुसरं कोणी सांभाळणार आहे, बहुधा जवळच्या कॉलेजातून आलेलं एखादं पोर, आणि त्याच्या लॅपटॉपवर उबुंटू असेल, म्हणजे सिस्टिमडीच. पॅकेजांबरोबर येणारी युनिट, पुस्तकांतले दाखले, कोणालाही विचारलं तर मिळणारं उत्तर, सगळं त्यातलंच. गावातल्या वाचनालयाचं मशीन एका माणसाच्या आवडीवर उभं राहता कामा नये. माझं मत या मुद्द्यावर पक्कं झालं.

२० जुलै, शनिवार

सिस्टिमडी-सिसव्ही बसवलं. सिसव्हीचं पॅकेज गेलं.

हे करताना मशीन आधी ग्रबमधून सिस्टिमडीखाली उठवून घेतलं होतं, आणि तेच सुचवेन. चालू इनिट एक आणि डिस्कवरच्या बंद करण्याच्या कमांड दुसऱ्याच्या, अशा अवस्थेतून जावंच लागत नाही. ग्रबमधली जादा ओळ आता लागणार नाही.

२७ जुलै, शनिवार

आठवडाभर धो धो पाऊस, वीज येऊन-जाऊन. जर्नलला बूटची यादी विचारली तर वाचनालयाच्या विजेचा अख्खा इतिहास समोर आला : मशीन केव्हा उठलं, केव्हा पडलं, ओळीनं. यादीतल्या प्रत्येक बूटनंतर वर्कर उठलेला आहे. मागच्या बूटचा लॉग वेगळा मागता येतो, त्यामुळे 'पडण्याआधी काय चाललं होतं' हे बघणं सोपं झालं. मजकूर लॉगमध्ये हे तुकडे तारखांवरून जुळवावे लागायचे.

पण एके ठिकाणी यूपीएसची बॅटरी अपेक्षेआधी संपून मशीन एकदम पडलं आहे, आणि तिथं शेवटची काही मिनिटं जर्नलमध्ये नाहीत. कारण सरळ आहे : फार गंभीर नोंदी जर्नल तत्काळ डिस्कवर उतरवतं, बाकीच्या पाच मिनिटांपर्यंत उशिरानं. आपल्याकडे नेमकी ती पाच मिनिटंच हवी असतात. अंतर तीस सेकंदांवर आणलं. जर्नलनं किती जागा घ्यावी याला तीनशे एमबीची मर्यादा घातली.

मदरबोर्डचा सेलही बदलला, दोन हजार बत्तीस क्रमांकाचा. तो संपत आला होता आणि मशीन उठताना घड्याळ भलत्याच वर्षात असायचं. टाइमसिंकडी (सिस्टिमडीची वेळ जुळवणारी सेवा) निदान एक करतं : शेवटची माहीत असलेली वेळ जपून ठेवतं आणि घड्याळ त्याच्या मागे जाऊ देत नाही, मग इंटरनेट आलं की बरोबर लावतं.

३ ऑगस्ट, शनिवार

बॅकअप क्रॉनमधून सिस्टिमडीच्या टायमरवर आणला. रात्री मशीन बंद असतं, म्हणून तो दुपारी एक वाजता होता. एकला वीज नसली तर त्या दिवशीचा बॅकअप बुडायचा. टायमरला 'पर्सिस्टंट' सांगितलं की हुकलेली वेळ लक्षात राहते आणि मशीन उठल्यावर काम होतं. उठल्या उठल्या सगळ्यांनी डिस्कवर झडप घालू नये म्हणून त्यात दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर ठेवला. बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तरच तो चालतो.

बाकी क्रॉनची कामं जिथं आहेत तिथं राहू दिली. ती चालतात, हलवायचं कारण नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

ग्रंथपाल मॅडमची एक तक्रार होती, स्कॅनिंगचा मोठा गठ्ठा चालू असताना शोधपान हळू होतं. वर्करच्या युनिटमध्ये सीपीयूचं वजन शंभरावरून वीस केलं. कोणी शोधत नसेल तर वर्कर सगळा सीपीयू वापरतो, कोणी शोधायला लागलं की मागे सरतो. त्यांनी आज गठ्ठा चालू असताना शोधून बघितलं आणि म्हणाल्या, "आता राहू द्या असंच."

शटर उघडणाऱ्या काकांनी महिनाभरापूर्वी विचारलं होतं, "सर, मला एवढंच सांगा, लाइट आल्यावर मी बघायचं काय?" फार योग्य प्रश्न. काउंटरच्या पडद्यावर मराठीत लिहून दाखवावं असं मनात होतं, पण लिनक्सच्या साध्या कन्सोलवर देवनागरी उमटत नाही. अक्षरचित्रांची मर्यादा पाचशे बारा आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोयच नाही. म्हणून एनजिनएक्समध्ये एक छोटं पान केलं. कोणतीही सेवा कायमची पडली की सिस्टिमडीच्या 'ऑन-फेल्युअर' ओळीतून दुसरं युनिट चालतं आणि त्या पानावर मोठ्या अक्षरांत सेवेचं मराठी नाव आणि करायची कृती लिहितं. डिस्कची गोष्ट वेगळी : ती नसते तेव्हा वर्कर पडत नाही, सुरूच होत नाही, त्यामुळे तीच ओळ डिस्कच्या माउंट युनिटलाही दिली. काकांसमोर डिस्कची केबल काढून मशीन पुन्हा उठवलं. पानावर आलं : 'स्कॅनची डिस्क जोडलेली नाही. निळी केबल तपासा.' काकांनी केबल लावली, मशीन परत सुरू केलं, पान हिरवं झालं.

सगळ्या युनिट फायली, जोड फायली आणि एफएसटॅब गिटमध्ये (फायलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं) घातल्या. जुनी इनिट स्क्रिप्टही त्याच इतिहासात ठेवून मशीनवरून काढली.

राहिलेलं : वर्करच्या युनिटमध्ये सुरक्षेच्या मर्यादा घालायच्या आहेत. मूळ फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती आणि स्कॅनचा फोल्डर तेवढा लिहिण्यासाठी, हे आधी. खाजगी टेम्प फोल्डरची ओळ मात्र लगेच घालायची नाही. स्कॅनचं आधीचं साफसफाईचं पाऊल आपल्या फायली टेम्पमध्ये ठेवतं आणि वर्करला त्या दिसेनाशा होतील, ती जागा आधी बदलायला हवी. पुढच्या शनिवारी तिथून सुरुवात.